दोन छोट्या, एक लांब

ही गोष्ट खरी आहे.

मी चार इयत्ता शिकलेली बाई. रचून सांगायला जेवढं डोकं लागतं तेवढं मला नाही. आणि खोटं बोलायची मला कधी गरजही पडली नाही. जे बोलायचं ते आयुष्यभर तोंडावर बोलले.

एकच गोष्ट सोडून. ती आज लिहितेय.

तुम्ही लोक इथे मध्यरात्र, पडकी विहीर, मोकळे केस असलं काय काय लिहिता. माझ्याकडे त्यातलं काही नाही. जे झालं ते भरदुपारी झालं. बारा वाजून वीस मिनिटांनी. स्वयंपाकघरातलं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आधी घर समजून घ्या.

आमच्या घरामागे आमचंच लाकडाचं रान आहे. सरपणासाठी राखलेलं. चूल, अंघोळीचं पाणी, सगळं त्या लाकडावर. मागच्या फाटकातून एक पायवाट निघते ती सरळ रानात शिरते. पण मध्ये लाकडाची शेड असल्यामुळे खिडकीतून वाट दिसते, रान दिसत नाही.

रान फक्त ऐकू येतं.

म्हणून आमच्या ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी एक पद्धत पाडली. झाड पाडायच्या आधी चेनसॉ मशीनला दोन छोट्या रेस द्यायच्या. घुर्र... घुर्र. म्हणजे झाड येतंय, वाटेवर पाऊल टाकू नका. झाड पडलं की एक लांब रेस. घुर्रर्रर्र. म्हणजे सगळं ठीक, या आता.

दोन छोट्या आणि एक लांब. त्यांच्या मधल्या वेळात आमच्या घरातलं मांजरसुद्धा वाट ओलांडत नसे.

चौतीस वर्षं मी त्या आवाजावर स्वयंपाक केला. त्यांच्या मशीनला दुसऱ्या रेसनंतर एक खोकला यायचा. म्हाताऱ्याला येतो तसा, खुक् करून. हजार मशीनमध्ये ओळखला असता मी.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी दोन छोट्या आल्या.

लांब आलीच नाही.

माणूस झाडाखाली गेला. मशीन मध्येच बंद पडलं, अर्धं कापलेलं झाड तसंच उभं, आणि हे खाली वाकून मशीन चालू करायची दोरी ओढत राहिले. सापडले तेव्हाही दोरी त्यांच्या मुठीत होती.

यापेक्षा जास्त मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही लाकूड विकत आणलं. घरचं रान असताना! शेवटी माझा मुलगा म्हणाला, "आई, रान माजलंय. वाळकी झाडं कलायला लागलीत. मला नवं मशीन घ्यायचंय."

मी म्हटलं, "घे. पण मी येणार निवडायला."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"तुझ्या बापाला मी निवडलं होतं. मशीन काय चीज आहे."

सून तोंडावर पदर धरून हसली. मी बघितलं, पण सोडून दिलं. सून चांगली आहे. तिला सांगू नका.

जुनं मशीन पण बरोबर नेलं. सुटे भाग काढायला घेतो म्हणाला होता दुकानदार. चाळिशीचा गडी, हाताला कायम ग्रीस. त्याने जुन्याची दोरी ओढली. हललीसुद्धा नाही.

"जाम झालंय, आजी. आतला पिस्टनच धरलाय. हे आता जन्मात चालू होत नाही."

"आजी कुणाला म्हणतोस रे? तुझ्या टकलापेक्षा माझे केस काळे आहेत."

"चुकलं, काकू." त्याने पान्याने प्लग काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घ्या, आठवण."

मी मूठ मिटली...

प्लग गरम होता.

दोन वर्षं बंद असलेल्या मशीनचा. मी दुकानदाराकडे बघितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला साखळी दाखवत होता. मला वाटलं, त्याच्या हाताची ऊब असेल. असं वाटून घ्यावं लागतं.

मग त्याने तीन मशीनं मांडली. एक मोठं पेट्रोलचं, दोन हात लांब पट्टीचं. मोठी झाडं पाडायला. एक मधलं, पेट्रोलचंच. पाडायला चालतं, सरपण फोडायला पण चालतं. तिसरं बॅटरीचं. हलकं, दोरी ओढायची कटकट नाही, हात झटकला तर साखळी जागच्या जागी थांबते.

मुलगा वजन बघत होता. पट्टीची लांबी, तेलाची टाकी, ब्रेक. मी म्हटलं, "तिन्ही मागच्या अंगणात ने. एकेक चालू कर. मी रस्त्यापलीकडे पाठ करून उभी राहते."

"कशाला, काकू?"

"मला ऐकू आलं पाहिजे."

दुकानदार हसायलाच लागला. "लोक येऊन विचारतात आवाज कमी कुठल्याचा. तुम्ही पहिल्या."

रस्त्यापलीकडे उभी राहिले. मोठं ऐकू आलं. मधलं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी ओरडले, "अरे, तिसरं लाव की!"

"लावून बंद पण केलं, काकू!"

मी मुलाला तिथेच सांगितलं, हा मिक्सर घरात आणायचा नाही. मधलं घे. पण तो बापाचाच मुलगा. म्हणाला, "आई, बाबा कशाने गेले? मशीन मध्येच बंद पडलं आणि दोरी ओढत बसले. ह्याला दोरीच नाही."



ज्या बाईपुढे आख्ख्या गल्लीचं काही चालत नाही, तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजले. बॅटरीचं मशीन घरी आलं.

मुलाने शब्द दिला, "प्रत्येक झाडाआधी फोन करीन. पडल्यावर पण करीन." पहिला आठवडा केला. "आई, पाडतोय." "आई, पडलं." दुसऱ्या आठवड्यात एकच फोन यायला लागला. मग तोही कधी यायचा, कधी नाही. मी बोलले तर म्हणायचा, "हातमोजे काढायचे, फोन काढायचा, तोवर झाड माझ्यासाठी थांबतं का?"

आणि रान गप्प झालं.

तुम्हाला वाटेल शांतता चांगली. माझ्या घरात येऊन बसा. रानात आपलं पोर झाड कापतंय हे माहीत आहे, आणि कानाला काही नाही. झाड पडल्याचा धप्प आवाज तेवढा यायचा, तोही अचानक. दर वेळी माझ्या हातातलं काहीतरी पडायचं. दोन वाट्या फुटल्या. मी जिवाचा कान करून खिडकीशी उभी राहायचे. तो प्लग मी खिडकीच्या फळीवर ठेवला होता. नुसता पडून होता. गार.

मग तो दिवस.

सून मुलाचा डबा घेऊन निघाली. मी कणीक मळत होते. तिने फाटकाची कडी काढली, तो आवाज मी ऐकला. घड्याळात बारा वीस. वारा नव्हता. चिमणीसुद्धा ओरडत नव्हती...

घुर्र.

माझे हात पिठातच थांबले.

घुर्र...

आणि मग... खुक्.

मला ओरडायचं होतं. सुनेला थांब म्हणायचं होतं. 

पण सून थांबली होती. एक पाय फाटकाबाहेर, एक आत. आमच्या घरात सहा वर्षं राहिलेली पोर, पाय आपोआप थांबला. तिने वळून खिडकीकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "आई, ह्यांनी बाबांचं जुनं मशीन दुरुस्त करून आणलं? मला बोलले पण नाहीत!"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

तिचं वाक्य संपलं आणि झाड आलं.

शेडच्या मागून आलं, आडवं, वाटेवरच. फाटकापासून दहा पावलांवर. ती चालत राहिली असती तर बरोबर तिथेच असती. फांद्या खाली टेकल्यावर पण बराच वेळ हलत होत्या. डबा तिच्या हातातून सुटून घरंगळत गेला.

मुलगा धावत आला. तोंड पांढरं.

"वाटेवर कोण होतं? कोण होतं वाटेवर?"

झाड आतून पोकळ निघालं होतं. पडायचं होतं पलीकडे, बुंधा चिरला आणि गर्रकन फिरलं. तो स्वतः उडी मारून वाचला. फोन? फोन कोटात होता. कोट बुंध्यावर.

सून म्हणाली, "तुम्ही रेस दिली म्हणून तर मी थांबले."

"कसली रेस?"

"दोन. बाबांच्या मशीनने."

तो माझ्याकडे वळला. "आई, मी त्या झाडापाशीच होतो. काहीही वाजलं नाही."

घरातल्या दोघींनी ऐकलं. जो रानात होता त्याने नाही.

मी आत आले. पीठ भरलेल्या हातानेच फळीवरचा प्लग उचलायला गेले...

आणि हात मागे घेतला. बोट भाजलं होतं.

प्लग ठेवला होता तिथे लाकडावर काळा गोल डाग पडलाय. चार आण्याच्या नाण्याएवढा. अजून आहे. ज्याला बघायचा त्याने यावं.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात गेला. जुनं मशीन तीन डब्यांत सुटं करून ठेवलेलं. इंजिन एकात, टाकी एकात, बाकी भंगारात. बॅटरीचं परत देऊन तो मधलं पेट्रोलचं घेऊन आला. मला न विचारता. आता दोन छोट्या देतो, एक लांब देतो, न चुकता. नव्या मशीनला खोकला नाही.

तुम्ही म्हणाल, मग झालं की! माणूस गेल्यावरही घर राखतोय, भाग्यवान आहात.

सगळे हेच म्हणतात. सून तर रडून मोकळी झाली.

पण मी त्या दुपारी खिडकीतून हलले नाही. मुलगा जेवला, सून जेवली, उन्हं कलली. मी त्यांच्या लांब रेसची वाट बघत होते.

ती आली नाही.

अजून आलेली नाही.

आता ती एक गोष्ट सांगते, जी कुणाला सांगितली नाही.

ते गेले त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. ते म्हणाले, "मशीन कापता कापता बंद पडतं. नवं बघावं लागेल." आणि मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. हात चालत नाहीत तुमचे, मशीनला कशाला बोल लावता?"

त्यांनी मशीन उचललं आणि गेले.

दुपारी दोन छोट्या आल्या. खोकला आला. लांब आली नाही. आणि मी... मी बसून राहिले. मनात म्हटलं, रुसलाय. मुद्दाम देत नाहीये. नसू दे. मी काही पहिली जाणार नाही.

तासभर बसले. घड्याळात बघत.

शेवटी मी रानात गेले तेव्हा मशीनला हात लावून बघितला. गार पडलं होतं. तेही.

डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असतील. डॉक्टरांना काय माहीत? ते तिथे नव्हते. मीही नव्हते.

त्या झाडाला सात महिने झाले. मी वाटेवर आडवा बांबू बांधला. सगळे शेडला वळसा घालून रानात जातात. शेजारीण हसते, "एवढी कसली भीती बाई तुला, एवढ्या तोंडाची तू?" मी तिला म्हटलं, आमच्या घरात दोन आणि एकच्या मध्ये वाटेवर कुणी जात नाही. दोन आल्यात. एक यायचीय.

मला इतके दिवस वाटत होतं, अजून एक झाड यायचंय.

पण गेल्या आठवड्यापासून प्लग परत गरम लागतो. रोज. बारा वीसला. थोडा थोडा जास्त. आणि मला आता वेगळंच वाटायला लागलंय. झाड वगैरे काही यायचं नाहीये. ते वाकून बसलेत तिथे, मुठीत दोरी धरून. आणि बघताहेत, या वेळी ही किती वेळाने येते.

आज सकाळी मी बांबू सोडला.

हे लिहून झालं की जाणार आहे. एकटी. आता बारा वाजायला आलेत. मुलगा गावात गेलाय, रानात कुणी नाही. सुनेला खिडकीशी उभं केलंय. म्हटलं, लांब रेस ऐकू येईपर्यंत इथून हलू नकोस.

तिने विचारलं, "आई, आणि नाहीच आली तर?"

मी चपला शोधत होते. म्हटलं, "तर माझ्यासारखी बसून राहू नकोस. लगेच ये."