डावी बाजू त्याची

पॉलिश पेपर संपला होता म्हणून मी बाहेर पडले. दुसरं काही कारण नव्हतं. दुपारच होती, पण धुकं असं उतरलं होतं की समोरच्या इमारतीचा जिना अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. हार्डवेअरवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशी, दार घासायला हवाय का?"

"नाही. रोबोचा गुडघा घासायचाय."

तो हसला. हसू दे. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडून सगळ्यात बारीक कागद नेते आणि वर्षानुवर्षं तो मला दाराचंच विचारतो. काही डोकी पॉलिश पेपरनेही गुळगुळीत होत नाहीत.

घरी आले, कुलूप काढलं, चपला काढल्या. आणि टेबलावर डावं पाऊल दिसलं.

थांबा. आधी टेबलावरचा हा दिवा जरा जवळ ओढून घेते. पाठीमागचा अंधार मला हल्ली आवडत नाही.

मी रोबो बनवते. जपानी कार्टूनमधले, माणसाने आत बसून चालवायचे, तसले. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात. फळं देठाला धरून असतात तसे रोबोचे तुकडे त्या चौकटींना धरून असतात. तुकडा कापायचा, उरलेला देठ घासून असा नाहीसा करायचा की तो कधी होता हे तुकड्यालाही आठवू नये, मग रंगवायचा आणि जोडायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. सोबतच्या पुस्तिकेतली एकही ओळ मला वाचता येत नव्हती, चित्रांकडे बघून बघून शिकले. आज रोबो बनवणाऱ्यांच्या क्लबातली दाढीवाली पोरं खांद्याचं चिलखत कसं बदलायचं ते विचारायला माझ्याकडे येतात. मी शाम्पूच्या बाटलीतून कापून देते. विकतचं चिलखत लावून मिरवणाऱ्याला मी रोबोवाला म्हणतच नाही.

पहिला खोका माझ्या धाकट्या भावाने आणला. तो जहाजावर इंजिनखोलीत होता. घरी आला की अंगाला डिझेलचा वास आणि तोंडात पेपरमिंटची गोळी. खोका एक आणि बांधणारे दोघे, म्हणून आईने पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली: उजवी बाजू ताईची, डावी धाकट्याची. आई शिवणकाम करायची. भांडणाऱ्या पोरांपेक्षा कापड कापणं सोपं, असं म्हणायची, पण दोन्ही सारख्याच कात्रीने करायची. आम्ही तेव्हा पोरं नव्हतो, चांगले वाढलेले घोडे होतो. तरी टेबलापाशी पाठीला पाठ लावून बसायचो. बाजू पुरी होईपर्यंत वळून बघायचं नाही, हा नियम.

मी निपरने, म्हणजे बारीक कापायच्या पकडीने कापायची. तो दाताने तोडायचा! किती सांगितलं, ओरडले. त्यातच एकदा त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून मी त्याला उंदऱ्या म्हणायला लागले. तो म्हणायचा, "ताई, उंदराचे दात वाढत राहतात. तू आपलं निपरला धार लावत बस."

दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या की कमरेत जोडायच्या. माझी बाजू निळी, त्याची गंजक्या लाल रंगाची, जहाजाच्या तळासारखी. मग आई मशीन थांबवून यायची. तिच्याकडे निळ्या रेशमाची एक पट्टी होती, कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरातली. डोळे मिटून ती पट्टी एकेका सांध्यावरून ओढायची. जिथे रेशीम अडकेल तो हरला. "रेशमाला डोळे नाहीत," ती म्हणायची, "म्हणून त्याला लाडकं-दोडकं नाही." शेवटी रोबोची मान जिंकणाऱ्याकडे वळवायची. तो निकाल. त्या मानेला आम्ही कुणी हात लावायचा नाही.

आणि जो हरला, त्याने पुढचा खोका घेऊन जिंकलेल्याच्या घरी यायचं.

उंदऱ्या दरवेळी हरला. चावलेल्या देठावर रेशीम अडकणारच. म्हणून दरवेळी तोच आला, लग्न झाल्यावरही, पोर झाल्यावरही, काखेत खोका मारून. मला त्याच्या घरी कधी जावं लागलं नाही. माझ्या फळीवरचे सगळे रोबो अजून उजवीकडेच बघतात. बघून घ्या.

मग आई गेली. ती रेशमाची पट्टी मीच तिच्या हातात ठेवली, पट्टीही तिच्याबरोबर गेली. त्यानंतर उंदऱ्या एक खोका घेऊन आला होता, मोठा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. "निकाल कोण देणार, ताई?" तो म्हणाला. खोका तसाच परत घेऊन गेला. पुढे तोही गेला, आणि खोका त्याच्या कपाटावर राहिला.

मागच्या महिन्यात त्याची मुलगी, माझी भाची, ते घर आवरताना तो खोका माझ्याकडे घेऊन आली.

"आत्या, हा तू कर. तुझा हात आहे तोवर..." आणि जीभ चावली.

"हाताला काय धाड भरलीय?"

"कप वाजतोय बशीत."

"बशी वाकडी आहे."

तिने खोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "डावी बाजू मी करू? बाबांची?"

"तू आधी सुईत दोरा ओवून दाखव. डावी बाजू राहू दे. मी माझी करते आणि अर्धाच उभा करते भिंतीला टेकवून."

खरं सांगायचं तर मला दाखवून द्यायचं होतं. तिला, क्लबातल्या पोरांना, आणि या हाताला. माझी बाजू आजही बिनदेठाची निघते, एवढंच. मी उजवा पाय केला, माझं अर्धं धड केलं, उजवा हात करायला घेतला. कोपराशी कागद संपला. डाव्या बाजूच्या चौकटी पिशवीत होत्या, पिशवीला हात लावला नव्हता.

आणि त्या दुपारी टेबलावर डावं पाऊल.

गंजक्या लाल रंगाचं. बोट लावलं तर रंग ओला.

भाचीकडे माझ्या घराची किल्ली असते. मी फोन लावला. "येऊन गेलीस का गं?"

"मी कामावर आहे, आत्या. का?"

"काही नाही. काम कर."

ड्रॉवर उघडला. उंदऱ्याची लाल रंगाची बाटली तिथेच होती, आत रंगाचा दगड झालेला. हातोडीने फोडली असती तरी थेंब निघाला नसता. मग पिशवी बघितली. चिकटपट्टी होती तशी होती. पण आतल्या चौकटीवर पावलाची जागा रिकामी होती. भिंग घेतलं. चौकटीवर उरलेल्या देठांवर खळगे होते. दोन खळगे, आणि मध्ये न चावलेली बारीक उभी रेघ. टवका उडालेल्या दाताची.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुतांचाही माझ्यावर नसावा, इतके दिवस कुणी फिरकलं नाही. पण त्या क्षणी खोलीत पेपरमिंटचा वास आला, आणि त्याच्याखाली डिझेलचा. घाबरले नाही असं म्हणणार नाही. मात्र त्याआधी राग आला. एवढ्या दिवसांनी येतोस, ते मी कागद आणायला गेले असताना? चोरासारखा?

मी दुसरी खुर्ची ओढली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली. पिशवी फाडून चौकटी त्या बाजूच्या टेबलावर मांडल्या. मग माझ्या जागी बसले, कोपराचा तुकडा उचलला आणि घासायला लागले.

"बस," मी म्हटलं. "मी वळणार नाही."

बराच वेळ फक्त माझ्या कागदाची खसखस. खिडकीला धुकं लागून राहिलेलं, रस्त्यावरचा आवाज कापसातून यावा तसा. मग खुर्चीची पाठ माझ्या पाठीला टेकली. कुणी बसलं की टेकते तशी.

आणि पाठीमागे... कट्.

मी ओठ दाबून घासत राहिले. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. प्लास्टिकची टोकं जमिनीवर पडण्याचा बारीक आवाज. काय सांगू, भीतीने मानेवर काटा उभा होता आणि डोळ्यांतून पाणी. आई पलीकडच्या खोलीत मशीन चालवतेय, आता हाक मारेल, चहा कुणी टाकायचा यावरून आम्ही भांडू, असं वाटत होतं. त्या खोलीत हल्ली मी जुने खोके ठेवते.

"दात सांभाळ," मी हळूच म्हटलं. "दुसरा तुटेल..."

आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, थोडा जोरात. तस्साच. सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणजे नाही.

फोन वाजला. भाची होती. हातात तुकडा म्हणून मी स्पीकर लावला.

"आत्या, मघाशी आवाज कसा येत होता तुझा. बरी आहेस ना?"

"ठणठणीत."

"काय खातेयस?"

"मी? काही नाही."

"मग हे कुडुमकुडुम काय वाजतंय?"

माझा कागद थांबला. पाठीमागचाही आवाज थांबला होता.

"आत्या..." तिचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा गोळी अशीच फोडायचे. दाताखाली... आत्या, कोण आहे तिथे?"

"कुणी नाही. ठेव फोन," मी म्हटलं, आणि मीच ठेवला.

त्यानंतर कट् झालं नाही. नुसती खसखस येत होती. आधी वाटलं माझीच. मी हात थांबवला. खसखस चालूच होती. उंदऱ्या पॉलिश पेपर वापरत होता! जन्मभर ज्याने कागदाला हात लावला नाही, तो हलक्या हाताने, सावकाश, गोल गोल फिरवत होता. मी शिकवलेलं अगदी तसंच.

खिडकीत काळोख उतरायला लागला तेव्हा खुर्चीची पाठ माझ्या पाठीपासून सुटली. मी माझा हात पुरा केला, निळा रंग दिला, वाळवला आणि मग वळले. खुर्ची रिकामी होती. टेबलावर डावी बाजू पुरी होती, पायापासून खांद्यापर्यंत, जहाजाच्या तळाच्या रंगाची. चौकटी कुरतडलेल्या कणसांसारख्या पडलेल्या.

दोन्ही बाजू कमरेत जोडल्या. डोकं बसवलं. मान सरळ ठेवली, समोर. हात अगदी... बरं, थरथरत होते. बशी वाकडी नाहीये, मला माहीत आहे.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, बंद केला, परत आले.

मान डावीकडे वळली होती.

"लबाडा!" मी ओरडले. "मानेला हात लावायचा नाही!" भिंग घेतलं आणि त्याचा एकेक सांधा तपासायला बसले. कुठेतरी देठ सापडणारच होता. घोट्यावर नाही. गुडघ्यावर नाही. खांदा, मनगट, बोटांची पेरं, कुठेही काही नाही. काचेसारखं काम. मेल्यावर सुधारला मेला. तिकडे त्याला वेळच वेळ.

मग माझी बाजू बघितली. बघायची काही गरज नव्हती, तरी बघितली. उजव्या कोपराच्या आत, माझी नजर हल्ली जिथे पोचत नाही आणि बोटांना जिथे कळत नाही, तिथे देठाचं एक टोक राहिलं होतं. खसखशीच्या दाण्याएवढं.

त्या टोकाला एक धागा अडकला होता. निळा, रेशमाचा.

मी तो चिमटीत धरला आणि तशीच बसून राहिले. म्हणजे उंदऱ्याने मानेला हात लावला नव्हता. लावला असता तर आईने फटका दिला असता.

तर मी हरले. जन्मात पहिल्यांदा, आणि निकाल चोख. रेशमाला लाडकं-दोडकं नसतं. भाचीला मी सांगितलं की डावी बाजू मीच केली. तिने रोबो हातात घेतला आणि लाल खांद्यावरून अंगठा फिरवला. तिला पटलं की नाही, कोण जाणे. जाताना विचारलं, "याची मान अशी का?" मी म्हटलं, सैल आहे.

पण आईच्या हाताखाली वाढलेली मी. नियम मलाही येतात. हरलेल्याने पुढचा खोका घेऊन जायचं. खोका घेऊन. रिकाम्या हाताने गेलं तर आईच दारातून परत पाठवेल. म्हणून मी खोका घेतच नाही. क्लबातली पोरं नवीन माल आला म्हणून सांगतात, मी गुडघे दुखतात म्हणते. दुकानाच्या रस्त्यानेही जात नाही. उंदऱ्याची आठवण येत नाही असं नाही. रोज येते. त्याचं घर बघायची उत्सुकताही आहे, का नसावी? पण मी माझ्या पायांनी जाईन, माझ्या सवडीने. बोलावलं आणि निघाले, असल्यातली मी नाही.

आज दुपारी भाची आली. पुन्हा धुकं होतं, केसांवर पाण्याचे कण घेऊन दारात उभी राहिली. काखेत खोका.

"आत्या, तू हल्ली काही करत नाहीस, मला करमत नाही. तुझ्यासाठी आणलाय. नवा कोरा, उघडलेलासुद्धा नाही."

तिला काय बोलणार? चहा केला, दिला. कप माझ्याकडेच वाजला. ती गेल्यावर खोका टेबलावर घेतला. वेष्टन शाबूत, चारही बाजूंनी बंद. तो मी कानाशी धरला आणि हलवला, नवीन खोका आणला की आम्ही दोघं हलवायचो तसा.

अर्धाच वाजला. डावी बाजू आत नव्हतीच.