मिसळणे : अर्थ तिसरा

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वेलांटी थबकली. बंद दाराआड कुणीतरी... काय करत होतं ते? घोरणं नव्हे, खोकला नव्हे. जीव घुसमटलेल्या माणसाने हवा ओढावी तसा लांबलचक आवाज — सुर्रर्र! मग क्षणभर शांतता. मग पुन्हा सुर्रर्र! आत कुणाचं तरी काही खरं नाही, असं वाटून तिने हातातला कार्डांचा खण कठड्याला टेकवला आणि दार ढकललं.

आत उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल. टेबलावर तीसचाळीस पांढऱ्या वाट्या रांगेने मांडलेल्या, प्रत्येकीत चहा. आणि टेबलापाशी एप्रन घातलेला, गाल फुगवून उभा असलेला एक तरुण.

"अहो, ठीक आहात ना तुम्ही?"

त्याने बोट वर केलं — थांबा. तोंडातला घोट या गालातून त्या गालात फिरवला, वळला आणि कोपऱ्यातल्या पिंपात नेम धरून चूळ टाकली.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. "हा चहा ठीक नाही."

वेलांटीला हसू आवरेना. "पण एवढा मोठा भुरका?"

"भुरक्याशिवाय वास नाकापर्यंत पोचत नाही. याच भुरक्यापायी आईने पाठीत धपाटे घातले, आणि आता याचाच पगार मिळतो. तुम्ही कुठल्या?"

"मी वर शब्दकोशात असते."

"असं? कितव्या पानावर?"

कानाच्या पाळ्या तापल्या तशी ती दाराकडे वळली, आणि सवय वाईट म्हणतात ती अशी — तेवढ्यातही दारावरच्या पाटीवर तिची नजर अडकली. "तुमची पाटी चुकली आहे," ती म्हणाली. "मिश्रणातला 'मि' ऱ्हस्व. तुम्ही 'मीश्रण विभाग' लिहिलंय."

"चार वर्षं आहे ती पाटी. कुणी काही बोललं नाही."

"चार वर्षं चुकलीच आहे मग."

दुसऱ्या दिवशी ती येताना पाहते तो पाटीवरची दीर्घ वेलांटी चाकूने खरवडून काढलेली आणि तिच्या जागी, जरा तिरकी, ऱ्हस्व वेलांटी रंगवलेली. त्या तिरक्या वेलांटीकडे पाहत ती जिन्यात जरा जास्तच वेळ उभी राहिली.

इमारत तशी जुनीपुराणी, पण भक्कम. तळमजल्यावर आणि पहिल्यावर चहाच्या व्यापाऱ्याचं गोदाम, दुसऱ्या मजल्यावर चहा चाखून त्याची मिश्रणं ठरवण्याची खोली आणि तिसऱ्यावर शब्दकोशाचं कार्यालय. तिथे तिघंच जण. सगळे ज्यांना आप्पा म्हणत ते मुख्य संपादक, टायपिस्ट मावशी आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक दहा हातांवरून पकडते म्हणून आप्पांनीच जिचं बारसं केलं होतं ती वेलांटी. कोश त्या वर्षी 'म'पर्यंत आला होता. 'मा' संपून 'मि' लागला आणि वेलांटीला दुसऱ्या मजल्यावर वारंवार कामं निघू लागली. कामं खरीच होती, पण ती सगळी खाली जाऊनच करायला हवीत असं काही नव्हतं. मावशी टाइप करता करता नुसती वर बघायची आणि पुन्हा खाली बघायची.

"भुरकेसाहेब, मिश्रण आणि भेसळ यांत फरक काय?" तिने एकदा विचारलं.

"सांगून घातलं तर मिश्रण, लपवून घातलं तर भेसळ."

तिने ते तिथल्या तिथे कार्डावर उतरवलं. एवढी नेटकी व्याख्या आप्पांनाही सुचली नसती.

"आणि हा शब्द आला कुठून?" त्याने विचारलं.

"संस्कृतात मिश्र. प्राकृतात त्याचं झालं मिस्स, आणि पुढे आपलं मिसळ, मिसळणं."

"म्हणजे चालून चालून 'श'चा 'स' झाला. दमला बिचारा."

"आणि गंमत म्हणजे पूर्वी विद्वान माणसाच्या नावापुढे आदराने 'मिश्र' जोडत."

"मग मला नुसतं भुरकेसाहेब काय म्हणतेस? भुरकेमिश्र म्हण!"

'म्हणता'चं 'म्हणतेस' कधी झालं, ते त्याला कळलंही नाही. तिने मात्र ते ऐकलं. ती अक्षरांवर जगणारी मुलगी, तिच्या कानातून कसं सुटणार!

एका दुपारी बाहेर बारीक भुरभुर लागलेली असताना त्याने पांढऱ्या कागदावर दोन मुठी चहा ओतला, एक काळाभोर, एक सोनेरी टोकांचा, आणि बोटांनी हलकेच कालवला. "हे मिसळलं की नाही?"

"मिसळलं."

"पण तुझ्यासारखी चिकाटीची बाई दिवसभर बसली, तर पान न् पान पुन्हा वेगळं निवडेल." मग चिमूटभर चहा वाटीत टाकून त्याने वर उकळतं पाणी ओतलं. रंग चढत गेला. दोघंही वाकून बघत होते, आणि वाफेत दोघांचे चेहरे फार जवळ आले होते. "आता निवड बघू."

"आता... नाही."

"मग कोशात दोन अर्थ लिही. पाण्याआधीचा एक, पाण्यानंतरचा एक."

"आणि माणसं मिसळतात तो तिसरा," ती म्हणाली आणि पटकन मागे सरली. "त्यासाठी उदाहरणाचं वाक्य लागेल. तुम्हाला सुचलं तर वरच्या पेटीत टाका."

या कोशाची ती पद्धतच होती. दाराशी एक लाकडी पेटी. जिन्याने येणारा जाणारा कुणीही तिच्यात वाक्याची चिठ्ठी टाके. मावशी ती कार्डावर दोन प्रतींत टाइप करी आणि वर देणाऱ्याचं नाव न घालता नुसता क्रमांक घाली. वाक्य कुणाचं हे कळलं की संपादकाचा हात मऊ होतो, असं आप्पांचं म्हणणं. वेलांटी लाल पेन्सिलीने दोन्ही प्रतींवर शेरा लिही. एक प्रत कोशात जाई, दुसरी शेऱ्यासकट ज्याची त्याला परत. वाक्य देणाऱ्यांना क्रमांकाची ही भानगड कुणी कधी सांगितली नव्हती. सांगायची गरजच पडली नव्हती.

आणि मग ते पत्र आलं. चार दिवसांच्या प्रवासावर असलेल्या चहाच्या मळ्यावर त्याला मोठी जागा मिळत होती, महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. त्याने ते सहज सांगितलं, वाट्या विसळता विसळता.

"मग? काय ठरवलंस?" तीही आता 'तू' म्हणू लागली होती.

"अजून पाणी घातलेलं नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला.

तिने नजर चुकवली. 'राहा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण माणसाच्या पोटापाण्याच्या आड आपण यायचं, तेही त्याने काही विचारलेलं नसताना? संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली. "जाणाऱ्याची वाट अडवू नये बाई. पण त्याने वळून विचारलं, तर मूग गिळून बसू नकोस. तुझं ते नेहमीचं आहे." वेलांटीने मनाशी गाठ मारली : त्याने विचारू दे एकदा. नुसतं विचारू दे. हो म्हणायला मी एक क्षण लावणार नाही.

महिनाअखेर जवळ आली तसं तो रोज काहीतरी वेगळंच विचारी. एकदा म्हणाला, "वेलांटी, पेटीतलं प्रत्येक वाक्य तू स्वतः वाचतेस?"

"प्रत्येक. कानामात्रेसकट."

"एकही सुटत नाही?"

"आजवर सुटलेलं नाही," ती ताठ मानेने म्हणाली.

'म' छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिच्या टेबलावर चारशे बारा कार्डं होती. आप्पा दर तासाला घड्याळ बघत. तीनशेनंतर ती वाक्यं वाचत नव्हती, चुका वाचत होती. अनुस्वार, स्वल्पविराम, लांबण. पुढचं कार्ड. पुढचं. एका कार्डावर होतं —

'तो तिच्यात इतका मिसळून गेला आहे, की वेगळं व्हायचं का, ते आता तिनेच ठरवावं.'

पेन्सिल चालली : "मिश्र वाक्य. कोशास आटोपशीर वाक्य हवे. 'इतका' आणि 'की'पासूनचे गौण वाक्य अनावश्यक, गाळावे." दुसऱ्या प्रतीवरही तेच, स्वच्छ, वळणदार अक्षरात. मग पुढचं कार्ड.

दोन दिवसांनी तो पहिल्यांदाच कोशाच्या कार्यालयात आत आला. एप्रन नव्हता. "पाणी घातलं," तो म्हणाला. "रविवारी निघतोय."

तिने पेन्सिल खाली ठेवली. ती थांबली. आता विचारेल. आता दारापर्यंत जाईल आणि वळून विचारेल...

तो दारापर्यंत गेला, वळलाही. "तुझ्या दुरुस्त्या नेहमी बरोबर असतात," तो हसून म्हणाला.

"ती माझी नोकरीच आहे," ती म्हणाली. तिला वाटलं, पाटीबद्दल बोलतोय.

रविवारी गाडी गेली. सोमवारी मावशीने चहाचा एक पुडा तिच्या टेबलावर ठेवला, त्याने देऊन ठेवलेला. वर काही लिहिलेलं नव्हतं. वेलांटीने तो उलटून पालटून पाहिला, आतून चिठ्ठी निघते का म्हणून हलवूनही पाहिला. मग खणात ठेवून दिला. त्याने विचारलंच नाही. एका माणसाच्या मनात आपण नव्हतो, एवढंच तर झालं, त्यात रडायचं काय, असं म्हणत ती महिनाभर रोज थोडी थोडी रडली. आई तिच्या पानात आग्रहाने वाढत राहिली.

तीन वर्षांनी कोश 'व'पर्यंत आला असताना जिन्यात ओळखीची पावलं वाजली. जरा जाडी आली होती त्याच्या अंगावर, ती शोभत होती. कामासाठी दोन दिवस आला होता. लग्न झालं होतं, बायको तिकडेच शाळेत शिकवत होती. त्याने ते आनंदाने सांगितलं आणि तिने ते आनंदाने ऐकलं, निदान चेहऱ्याने तरी.

"'म' दाखव की," तो म्हणाला. "आमच्या मळ्यावर कोश कुठला यायला!"

तिने खंड काढून दिला. त्याने बरोबर पान उघडलं, बोट फिरवत गेला आणि हसला. "हे माझं. अर्धं!"

मिसळणे, अर्थ तिसरा : 'तो तिच्यात मिसळून गेला आहे.'

"तुझं?" ती म्हणाली. "कसलं अर्धं?"

त्याने पाकिटातून घडी घातलेलं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. घडीवर फाटायला आलेलं. पण लाल पेन्सिल काही पुसट झाली नव्हती. तिने टाइप केलेलं वाक्य वाचलं. मग शेरा वाचला. अक्षर तिचंच होतं, एकही चूक नव्हती.

"राग नाही हं," तो घाईने म्हणाला. "दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. समोरासमोर विचारायचं धाडस नव्हतं माझं. म्हटलं, ही कानामात्रेसकट वाचते, हिच्या हातात तरी नक्की पडेल. आणि तू किती सभ्यपणे नाही म्हणालीस! दुसरी असती तर तोंडावर हसली असती. बायकोलाही सांगितलंय मी हे सगळं. ती म्हणते, बरं झालं गाळलं, नाहीतर मला कुठून मिळाला असतास."

वेलांटीने तोंड उघडलं. फक्त चार शब्द होते : मला ठाऊकच नव्हतं रे. तिने ज्या प्रश्नाची वाट पाहिली होती, तो तीन वर्षांपूर्वी तिच्याच टेबलावर येऊन गेला होता, आणि तिने त्याचा शेवट कापून परत धाडला होता. पण समोरचा माणूस किती स्वस्थ दिसत होता! आता हे बोलून काय होणार? त्याच्या भरल्या घरात एक चिमूट दुःख कायमचं पडेल, आणि ते कुणाला निवडून काढता येणार नाही.

"शेरा जरा कडकच होता," ती कशीबशी म्हणाली.

"नाही गं. बरोबर होता." त्याने कार्डाची घडी घातली. मग काय वाटलं कोण जाणे, ते पुन्हा पाकिटात न ठेवता त्याने तिच्या टेबलावर ठेवलं. "ठेव तुझ्याकडे. आता मला नको."

तो जिना उतरला. दुसऱ्या वळणावर पावलं किंचित थांबली, पाटीपाशी असावीत, आणि मग उतरून गेली.

वेलांटीने दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांचं कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं : 'मिसळणे, अर्थ ३. उदाहरण मुळाप्रमाणे पूर्ण छापावे. गाळलेला भाग आवश्यक होता. संपादकाची चूक.' खाली पहिल्यांदाच, कार्डावर नाव न घालायचा नियम मोडून, स्वतःची सही केली.

आप्पांनी कार्ड वाचलं. शेजारी पडलेलं घडीचं कार्डही वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग 'स्वीकृत'चा शिक्का उचलला आणि अगदी हलक्या हाताने उमटवला.

"देणाऱ्याला प्रत पाठवायची असते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाठवायची का, पोरी?"

"नको, आप्पा," वेलांटी म्हणाली. "दोन्ही प्रती आपल्याकडेच राहू देत."