एकोणचाळिसावी चिठ्ठी

सायबर पोलिसांत उपनिरीक्षक असलेली सुलेखा खरात गेली चार वर्षं जिल्ह्यातल्या शाळांमधून एकच तास घेत होती. मोबाइलवर अनोळखी माणूस गोड बोलायला लागला तर काय करायचं, हा विषय. फोटो पाठवायचा नाही, एकटीनं भेटायला जायचं नाही, घरी सांगायचं. घरी सांगवत नसेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन लावायचा. बोलून बोलून ही वाक्यं तिला पाठ झाली होती. खरं काम शेवटच्या दहा मिनिटांत व्हायचं. तेव्हा ती कोऱ्या चिठ्ठ्या वाटायची आणि मुली नाव न घालता मनातलं लिहून खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायच्या.

जानेवारीतल्या एका दुपारी ती खुलताबादच्या एका शाळेत नववीच्या वर्गावर होती. खिडकीतून गार वारा येत होता. मागच्या गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. चिठ्ठ्या हवालदार मोतीरामांनी सकाळी स्वतः कापल्या होत्या. अडतीस मुलींना मोजून अडतीस दिल्या. परत आल्या एकोणचाळीस.

मोतीरामांनी पुन्हा मोजल्या. मग मुली मोजल्या. कापताना हिशोब चुकला असेल, असं ते म्हणाले, पण त्यांच्या हातून अशी चूक सहसा होत नसे.

सुलेखानं एकेक चिठ्ठी उघडली. बहुतेक नेहमीचेच प्रश्न होते. शेवटच्या चिठ्ठीवर नेटक्या, बारीक अक्षरात दोनच ओळी होत्या.

तनुजा मी आहे. यांच्याशी बोलते ती मी नाही.

वर्गात तनुजा नावाची मुलगी नव्हती. शाळेतही नव्हती. सुलेखानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, की मोबाइलवर कुणाची तनुजा नावाची मैत्रीण आहे का. मग एक हात वर आला. त्याच्याकडे बघून दुसरा आला. एकूण पाच झाले, आणि त्या पाचही जणी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण तनुजा फक्त आपलीच मैत्रीण आहे असं प्रत्येकीला वाटत होतं.

पाचव्या बाकावरची मेघा मान खाली घालून म्हणाली, "मला रविवारी बोलावलंय तिनं. शहरात, औरंगपुऱ्यात. कुणाला सांगू नको म्हणली."

पुढचं सगळं रीतसर झालं. मुलींच्या आईवडिलांना बोलावलं, जबाब घेतले, तनुजाच्या खात्याचा माग काढला. शनिवारी दुपारी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानावरच्या खोलीत पोलीस पोचले तेव्हा इंद्रजीत नावाचा एक तिशीतला माणूस जेवत बसला होता. तो लग्नपत्रिकांची डिझाइनं करायचा. त्याच्या मोबाइलमध्ये तनुजाचं खातं होतं. मुलींशी ओळख वाढवायची, फोटो मिळवायचे आणि मग त्या फोटोंवरून धमकावायचं, असा त्याचा धंदा होता. पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला.

चौकशीत त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तनुजा ही खरी मुलगी होती, त्यानं धमकावलेली पहिली. पुढं तिचंच नाव आणि तिचाच फोटो त्यानं वापरला. जबाबावर सही करताना त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला सांगितलं कुणी?"

सुलेखानं सही झालेला कागद ओढून घेतला.

"ती तर सांगू शकत नाय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. अजिंठ्याजवळच्या एका वस्तीवर तीन वर्षांपूर्वी तनुजा नावाची सहावीतली मुलगी विहिरीत बुडून गेली होती. पाय घसरला, अशी नोंद होती. खुलताबादच्या मुलींनी ती वस्ती कधी पाहिलीही नव्हती.

सुलेखा तिच्या आईला भेटायला गेली. भामाबाई अंगणात तूर निवडत बसली होती. माणूस सापडला, जुनं प्रकरण पुन्हा उघडणार, हे तिनं मान हलवत ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. तपासासाठी लेकीच्या हातचं काही लिहिलेलं मिळेल का, असं विचारल्यावर तिनं आतून एक वही आणून दिली.

सुलेखानं खिशातली चिठ्ठी वहीशेजारी धरली.

तोच शेपटीचा त. तसाच डावीकडे कललेला ज. वहीतली अक्षरं मात्र मोठी होती, वेडीवाकडी, ओळ सोडून जाणारी. चिठ्ठीतलं अक्षर बसलेलं होतं. मधल्या काळात रोज लिहून लिहून बसावं, तसं.

दोन्ही हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवायचं, असं तिनं ठरवलं आणि वही मिटली.

"ही जुनी हाय," भामाबाई म्हणाली. "सहावीची."

ती पुन्हा आत गेली. येताना तिच्या हातात तीन वह्या होत्या, खाकी कव्हर घातलेल्या. दर जूनला एक घेते, म्हणाली. सातवीची, आठवीची आणि ही यंदाची.

सुलेखानं अशा आया पाहिल्या होत्या. वह्या कोऱ्याच असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं त्या मांडीवर घेतल्या.

भामाबाई तिच्यासमोर बसली.

"मला वाचता येत नाय, मॅडम," ती म्हणाली. "बघा जरा, अभ्यास बराबर करती का."

यंदाच्या वहीचे कोपरे वापरून वापरून वळले होते.