दोरीचं दुसरं टोक

त्या सकाळी माझ्या नाकावर राग होता, आणि रागाच्या भरात मी एका परक्या माणसाची वस्तू उचलून चालू पडले.

झालं असं, डोंगरावर इर्मा मावशीचं मुक्कामाचं घर आहे. तिथे रात्री सगळ्यांच्या पट्ट्या चुलीवरच्या तारेवर वाळत असतात. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या या केसाळ पट्ट्या. त्या असल्या की पाय मागे घसरत नाही आणि माणूस बर्फावरून सरळ डोंगर चढतो. आमच्या खोऱ्यात सगळे एकाच दुकानातून घेतात, म्हणून सगळ्यांच्या केशरी. पण प्रत्येकाने आपापल्या स्कीच्या मापाने कापलेल्या. मी बूट चढवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पोतं निघालं वाटतं." मी हाताला लागली ती जोडी ओढली आणि दार आपटून बाहेर पडले.

पोतं म्हणजे मी. नीवेस. गेल्या वर्षी गावच्या जोडीच्या शर्यतीत लोरिस माझा जोडीदार होता, शर्यतीतला आणि एरवीचाही. दोघांनी मिळून रेषा ओलांडली तरच शर्यत पुरी होते, म्हणून जो दमेल त्याने पुढच्याच्या कमरेची लवचिक दोरी आपल्या कमरपट्ट्याला अडकवायची, अशी रीत आहे. मला ताप होता. शेवटच्या चढावर मी दोरी घेतली. संध्याकाळी लोरिस भरल्या बारमध्ये म्हणाला, "बटाट्याचं पोतं ओढत आणलं." मी साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या पेल्यात टाकली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अर्ध्या चढावर वाट कडक बर्फावरून आडवी जाते. तिथे माझे पाय सटकायला लागले. पट्ट्या इतक्या रुंद की स्कीची पोलादी धारच झाकली गेली होती. ना पुढे ना मागे अशी मी काठ्यांवर रेलून उभी होते, तेव्हा खालून एक उंच माणूस आला. स्की खांद्यावर, भुवयांवर गोठलेलं दव... आणि ओठांवर हसू.

"माफ करा, तुमच्या स्कीखाली माझ्या पट्ट्या आहेत."

चूक माझी होती, म्हणून आवाजही माझाच चढला. "इथे वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. दोन हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरे. खाली गेलं की पुन्हा तुम्ही."

"बरं. मग तू माझ्या पट्ट्या चोरल्यास."

"तुला माझ्या मिळाल्या ना?"

"लावून पाहिल्या. बापाला बाळाचं टोपडं घातल्यासारखं दिसत होतं."

मला हसायचं नव्हतं. हसले. त्याने जॅकेटची चेन उघडून माझ्या पट्ट्या बाहेर काढल्या. गोंद थंड पडू नये म्हणून आम्ही सगळेच त्या छातीशी ठेवतो, त्यात काही विशेष नाही. तरी ती ऊब हातात आली आणि मी उगाचच स्कीकडे बघत बसले.

त्याचं नाव तुल्लियो. खोऱ्यात नवा आलेला गुरांचा डॉक्टर. त्यानंतर रविवार आला की आम्ही वर. मी चढायला चपळ, पण उतारावर माझी छाती धडधडते. त्याचं बरोबर उलटं. चढावर तो धापा टाकायचा, आणि उतरायला लागला की बर्फालाच त्याचे पाय फुटलेत असं वाटायचं. खाली गावात मात्र, "नमस्कार, डॉक्टर." "कशा आहात?" एवढंच. सोमवार ते शनिवार मी त्या 'कशा आहात'वर काढायचे.

एकदा कड्यावर बसून चीज खाताना तो म्हणाला, "शर्यतीत माझ्याबरोबर येशील?"

"मी कुणाच्या दोरीला बांधून घेणार नाही."

"मला कुठे ओढता येतंय? तू मला ओढ."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. "इथे वर सगळेच गोड बोलतात, तुल्लियो. गाव बघत असताना बोल."

"बरं," म्हणत त्याने चीजचा मोठा तुकडा माझ्यापुढे केला.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या चढावर सगळं गाव गाईंच्या घंटा घेऊन उभं होतं. आमच्या जरा पुढे, सगळ्यांच्या आघाडीवर लोरिस, दोरीला त्याची नवी जोडीदार. त्याने वळून पाहिलं. "काय नीवेस, ओढणारा दमला का?"

तुल्लियोचा श्वास मला ऐकू येत होता. मी दोरीबद्दल चकार शब्द काढला नाही. हरले असते तर चाललं असतं. पण त्याने लाजेखातर दोरी नाकारली असती, तर मी पुन्हा कधी कुणाबरोबर डोंगर चढले नसते. मागे न बघता मी पाय टाकत राहिले... आणि कमरेला हिसका बसला. त्याने दोरी अडकवली होती.

"डॉक्टर, उलटं झालं हो," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"उलटं कसलं?" धापा टाकत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आज पोतं मी आहे. ओढणारी बघा कशी आहे ती."

हशा पिकला, घंटा वाजायला लागल्या, आणि माझ्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. लोरिसला मागे टाकताना त्याच्याकडे बघायचंही राहून गेलं.

माथ्यावर पट्ट्या ओढून काढल्या, जॅकेटमध्ये कोंबल्या, दोरी सोडली. समोर तो उतार होता आणि माझी छाती धडधडत होती.

"आता माझी पाळी," तुल्लियो म्हणाला. "मी वळेन तिथे वळ. बाकी काही बघू नकोस."

मी फक्त त्याची पाठ बघितली. तो वळला की मी वळत होते, आणि मध्येच कधीतरी मला कळलं की मी मोठ्याने हसतेय. चर्चसमोरच्या चौकात आम्ही हातात हात घालून रेषा ओलांडली. आमच्या आधी कुणीच आलेलं नव्हतं.

इर्मा मावशी गरम वाइनचे पेले घेऊन धावत आली. गाव भोवती गोळा झालं. तुल्लियोने टोपी काढली, चौकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नीवेस, सगळे ऐकताहेत, म्हणून इथेच सांगतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. वर होतं, तसंच खालीही."

माझे डोळे भरून आले. मी वाकून माझ्या कमरेच्या दोरीचं लोंबतं टोक उचललं आणि त्याच्या कमरपट्ट्याला पुन्हा अडकवलं.

"अगं, शर्यत संपली," मावशी म्हणाली. "सोड की त्याला आता."

"कशाला? दमलाय बिचारा," मी म्हणाले. "घरापर्यंत ओढत नेते."