एकोणीस नंबरचा कागद

या, बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय डुगडुगतो. हे घ्या. किल्ल्या, हजेरीपट, हाडांची पेटी आणि नियमांचे कागद, एवढंच तुमच्या ताब्यात द्यायचं आहे. मुख्याध्यापक म्हणाले, दहा मिनिटांचं काम. त्यांच्या खोलीत बसून सगळीच कामं दहा मिनिटांची असतात.

शरीररचना शिकवायला खास हातोटी लागते असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर माणसाची खरी हाडं ठेवायची आणि त्यांना हसू द्यायचं नाही, एवढं जमलं की झालं. पहिल्या दिवशी कुणीतरी कवटीच्या तोंडात पेन खुपसतोच. मी त्याला उभं करायचे आणि विचारायचे, हा माणूस तुझ्या घरचा असता तर? पेन परत खिशात. मुलं मला पाठीमागे ‘बरगडी’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी.

कागद वाचून घ्या. दर वर्षी पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक द्यायचा आणि आठवड्याच्या आत पालकांच्या सहीने परत घ्यायचा. नियम माझेच आहेत. दप्तरं बाहेरच्या फळीवर ठेवायची, आत काही आणायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हाड टेबलावर किंवा पेटीत, जमिनीवर कधीही नाही. आणि हा चौथा, मोठ्यानं वाचा म्हणजे लक्षात राहील. ‘चक्कर आल्यास धावू नये. जागीच खाली बसावे, हात वर करावा, शिक्षक येईपर्यंत उठू नये.’ चांगला नियम आहे हो. एक मुलगा असाच दाराकडे धावला होता आणि टेबलाच्या कोपऱ्यावर भुवई फोडून घेतली होती. त्यानंतर घातला मी.

सगळ्यात शेवटचा नियम मी खास एका मुलीसाठी घातला होता. ‘या खोलीत कुणी कुणाचे नातेवाईक नाही.’ ती मुलगी माझी होती.

घरी ती ठमी. इथे ती नंबर एकोणीस आणि मी बाई. बाईंची मुलगी म्हणून तिला झुकतं माप मिळतं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिच्याशी जरा जास्तच कडक वागायचे. त्या वर्षीच्या कागदावर मी स्वयंपाकघरात पालक म्हणून सही केली. दुसऱ्या दिवशी तोच कागद वर्गात हातात घेतला आणि चार घड्या घातल्या म्हणून सगळ्यांदेखत तिला झापलं. ती म्हणाली, “चुकलं, बाई.” घरी आल्यावर मला हसून म्हणाली, “आई, आमच्या त्या बाई फार खडूस आहेत हं.” मीही हसले. आम्हा दोघींना तो एक खेळच झाला होता.

पेटीची पद्धत सांगते, ती कळली की पुढचं कळेल. प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी एक हाड नेमून दिलेलं असतं. तास संपला की ज्यानं त्यानं आपलं हाड पेटीत ठेवायचं आणि बाहेर पडायचं. तेवीस मुलं, तेवीस हाडं. मी पेटी मोजायचे. तेवीस भरली की वर्ग रिकामा, कुलूप लावायचं. डोकी मोजायची मला कधी गरजच वाटली नाही. मुलं इकडेतिकडे पळतात, हाडं पळत नाहीत, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

ठमीकडे गुडघ्याची वाटी होती. मुठीत मावेल एवढी.

तो शनिवार होता, अर्धा दिवस. तिला दम्याचा त्रास होता आणि त्या दिवशी नमुन्यांच्या बरण्यांतलं औषध बदलल्यामुळे खोलीत फॉर्मॅलिनचा वास दाटला होता. ती शेवटच्या टेबलाशी होती, त्या तिथे, खिडकीखाली. तिला गरगरायला लागलं. आता ती काय करणार? हाड जमिनीवर न्यायचं नाही, म्हणून तिनं वाटी शेजारणीच्या हातात दिली. धावायचं नाही, म्हणून जागीच खाली बसली. बोलायचं नाही, म्हणून हात वर केला. मी फळ्याकडे तोंड करून मणक्यांची आकृती पुसत होते. घंटा झाली. शेजारणीनं दोन्ही हाडं पेटीत ठेवली, मुलं धडाधड बाहेर गेली. मी पेटी मोजली. तेवीस. कुलूप लावलं.

थांबा, एवढ्यावर संपलं असतं तर मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. बाहेर फळीवर एक दप्तर राहिलं होतं. मी ते ओळखलं. ठमीचं. शाळेतून ती परस्पर मावशीकडे जाणार होती, दोन दिवस राहायला. मला वाटलं, मावशीकडे जायच्या घाईत दप्तरसुद्धा विसरली धांदरट. विसरलेलं दप्तर सोमवारपर्यंत कपाटात जमा, हा माझाच नियम. मी क्षणभर थांबले. दप्तरात तिचा दम्याचा पंप होता. मग मनात आलं, मावशीकडे एक जादा असतो. बाईंच्या मुलीला वेगळा नियम नको. मी दप्तर कपाटात टाकलं, घरी गेले आणि झोपलेसुद्धा. दुपारी. छान झोप लागली होती.

बहिणीनं फोन केला नाही. तिला वाटलं, पोरीचा बेत बदलला असेल. मीही केला नाही. आपल्यामागे तिला चार सुखाचे घास खाऊ दे, उगाच कशाला चौकशी करायची, असं म्हटलं.

सोमवारी सकाळी दार मीच उघडलं.

ती टेबलाच्या पायाला टेकून बसली होती. उजवा हात टेबलाच्या आडव्या पट्टीत अडकून वर राहिला होता. डॉक्टर म्हणाले, शनिवारच्या संध्याकाळपर्यंत श्वास चालू असावा. तिच्या बाबांनी मला एकच प्रश्न विचारला, “तू हजेरी का नाही घेतलीस?” त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत आणि वर्षभरात दुसरीकडे राहायला गेले. त्यांची काही चूक नाही. तिच्या शेजारणीला मी विचारलं, तू बोलली का नाहीस ग? ती पोर म्हणाली, “बाई, तुम्ही विचारलंच नाहीत.”

वर्षभर खोली बंद होती. मग मीच ती मागून घेतली. लोकांना वाटलं, बाईंचं काळीज दगडाचं आहे. एकोणीस नंबर मात्र त्यानंतर कुणाला दिला नाही, हजेरीपटात अठरानंतर थेट वीस आहे, तुम्हाला चूक वाटेल म्हणून सांगते. पहिल्या आठवड्यात बावीस कागद वाटले. परत आले तेवीस. तेविसावा चार घड्यांचा होता. नंबर एकोणीस. पालकाची सही... माझी.

कुणी खोडी काढली असेल, मलाही तेच वाटलं. मूळ कागद माझ्या घरी पेटीत कुलपात होता. जाऊन पाहिला. तिथेच होता. आलेला मी फाडला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. तो जाळला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. घड्या त्याच, सही तीच, कोपऱ्यात शाईचा तोच ठिपका.

आणि चौथा नियम मोठ्यानं वाचला की शेवटच्या टेबलामागून हात वर येतो.

अहो, मागे वळून बघू नका. तुम्हाला काही दिसायचं नाही. मुलांनाही दिसत नाही. मला दिसतो. मनगटापर्यंतच. नखं कुरतडलेली, मधल्या बोटाला शाई. मुलं गेली की मी तिथे जायचे. फरशी तेवढी गार असायची. गुडघे टेकून म्हणायचे, “ठमे, ऊठ ग राणी. आई आलीय.” कुणी उठायचं नाही. श्वासाचा बारीक आवाज मात्र यायचा, शिट्टीसारखा. दम लागला की तिचा यायचा तसा.

ती का उठत नाही ते मला उमगायला हवं होतं. नियमात काय लिहिलंय? शिक्षक येईपर्यंत. आई येईपर्यंत असं लिहिलेलं नाही. आणि या खोलीत तिला आई नाहीच, तसं मीच लिहून दिलंय.

मला ते फार उशिरा कळलं, असं मी तुम्हाला सांगू शकले असते. पण आज खोटं बोलायचं नाही. मला ते तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. पण उठली की ती जाणार. नियम वाचायच्या दिवशी, वर्षातून एकदा का होईना, मला तिचा हात दिसत होता. त्या एका हातासाठी मी तिला अकरा वर्षं तिथे बसवून ठेवलं. कोणती आई असं करेल? मी केलं.

काल मात्र इलाज नव्हता. वर्ष सुरू होऊन आठवडाच झालाय, पण वय झालं, आज माझी नोकरी संपते. उद्यापासून मी या खोलीतली शिक्षक नाही. काल शेवटचा तास झाला, मुलं गेली, मी पेटी मोजली, डोकीही मोजली. चार वाजले होते. ऊन खिडकीतून सरकत त्या टेबलापर्यंत आलं होतं. तिचं दप्तर मी कपाटातून काढलं आणि बाहेर फळीवर नेऊन ठेवलं. दार सताड उघडलं. मग फळ्याजवळ उभी राहिले आणि चौथा नियम वाचला.

हात वर आला.

मी चालत गेले. या वेळी गुडघे टेकले नाहीत. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवला आणि म्हटलं, “नंबर एकोणीस. ऊठ. बरं वाटतंय का?”

हात खाली गेला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो मी परत फिरायच्या आधी खाली गेला. मग स्टूल सरकलं. मी पाठ फिरवली, मला बघायचा धीर नव्हता. टेबलामागून आवाज आला... अगदी हळू, नम्र. “बाई... जाऊ मी?”

मी म्हणाले, “जा. वर्ग सुटलाय.”

पावलं निघाली. शाळेच्या बुटांची, एक पाय किंचित घासत. ती तशीच चालायची, मी कितीदा रागावायचे. माझ्या जवळून गेली तेव्हा फॉर्मॅलिनचा वास आला आणि त्याच्या आत... तिच्या डोक्याच्या तेलाचा. पावलं दाराजवळ गेली. फक्त दोन पावलं उरली होती हो.

आणि माझ्या तोंडून निघालं, “ठमे!”

मी ठरवून नाही म्हटलं. आतून आलं. एकदा बघावं, एकदा वळून बघेल, एवढंच...

पावलं थांबली. त्या खोलीत नातेवाईक नसतात. कुणीतरी तिला घरच्या नावानं हाक मारली, म्हणजे हाक मारणाऱ्या बाई नव्हत्या, आणि ‘जा’ म्हणणाऱ्याही बाई नव्हत्या. बाईंनी सोडलं नव्हतं, म्हणजे जायचं नव्हतं. शहाणी मुलगी. पावलं परत आली. माझ्या जवळून, टेबलांच्या रांगेतून, शेवटच्या टेबलापर्यंत. स्टूल सरकलं. मी ओरडले, “नंबर एकोणीस, जा! जा म्हणतेय ना मी!” चौथा नियम पाच वेळा वाचला, दहा वेळा वाचला. ऊन गेलं. शिपाई येऊन दारात उभा राहिला, म्हणाला, “बाई, घरी चला आता.”

हात पुन्हा वर आला नाही. ती आत आहे, श्वास ऐकू येतो. पण हात वर करणं तिनं सोडून दिलं आहे.

तर असं आहे. तुम्ही परक्या आहात, तुम्हाला जमेल. उद्या हजेरी घेताना अठरानंतर एकोणीस म्हणा. उत्तराची वाट बघू नका, नुसतं जा म्हणा, तुमच्या कोरड्या आवाजात. मी फाटकाबाहेर उभी राहीन. आत येणार नाही, वचन देते. आणि पेटी मोजून घ्या, तेवीस भरतील. त्यावर कधी विश्वास ठेवू नका, डोकी मोजा.

कागद? हो, आलेत सगळे. बावीस. आणि आज सकाळी हा चार घड्यांचा. मी उघडलाय. तुम्ही बघा, माझा चष्मा... तुम्हीच बघा. अक्षर तिचंच आहे. नियम तेच, ठिपका तोच. खाली पालकांच्या सहीची जागा आहे ना, तिथे दर वर्षी माझी सही असायची.

यंदा तिथे तिनं लिहिलंय, ‘पालक नाहीत.’