कोटात शिवलेले पत्ते

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पँटची उंची कमी करत होतो. गुरुवार होता, सकाळचे अकरा. गिऱ्हाईक समोर बसून होतं, त्याला गाडी गाठायची होती. मी फोन ठेवला, दुमड घातली, इस्त्री फिरवली, पँट कागदात बांधून दिली. गिऱ्हाईक गेल्यावर लक्षात आलं, एक पाय दोन बोटं आखूड झाला होता.

कोण गेलं म्हणून काय विचारतेस? आत्ता पत्त्यांची जी जादू दाखवलीस ना मला, ती ज्याची होती तो. फोनवर तिचा व्हिडिओ आहे, दोन मिनिटांत शिकवतात, हे मला माहीत आहे गं. ठेव ते पत्ते खाली. तूही बस रे. दिवे येईपर्यंत सांगतो.

जादूगार माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या कोटाचे चोरखिसे मी शिवायचो, आणि पत्तेही मीच कापायचो. प्रत्येक पत्ता एका टोकाला केसभर निमुळता. सगळे एका दिशेला लावले की कड सपाट लागते. प्रेक्षक एक पत्ता ओढून बघतो, तेवढ्यात जादूगार हातातल्या हातात गठ्ठा फिरवतो. मग तो पत्ता परत आत जातो तो उलटा. कितीही पिसा, त्याची कड अंगठ्याला लागणारच. डोळे बांधूनसुद्धा काढता येतो.

"एवढंच?" असं मीही म्हणालो होतो. तो म्हणाला, "एवढंच आहे, म्हणून तर जपायचं."

ठाऊक होतं दोघांनाच. मला आणि त्याच्या जावयाला. जावयाकडून त्याने वचन घेतलं होतं, की मी गेलो त्याच दिवशी हे पत्ते फाडायचे. तोवर कुणाला सांगायचं नाही.

आणि एके दिवशी तो व्हिडिओ आला. चेहरा नाही, आवाज नाही, नुसते दोन हात. त्या हातांनी किलवर सत्ती काढून दाखवली. मग पत्ते कसे कापायचे तेही दाखवलं. शिंप्याच्या मोठ्या कात्रीने.

पुढच्याच प्रयोगात तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, उलटा फिरवलात ना!" सभागृह हसलं. तोही हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी कोट आणून माझ्या मशीनवर टाकला. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाला. बघत होता माझ्या कात्रीकडे.

मला कळलं त्याला काय वाटतंय ते. पण चाळीस वर्षांच्या मैत्रीत हेही मी तोंडाने सांगायचं? येईल आपणहून, म्हटलं. आठ महिने आला नाही. मग हा फोन.

त्या संध्याकाळी पावणेआठला जावई त्याच्या खोलीत गेला. निदान पत्ते फाडण्याचं वचन तरी पाळावं म्हणून. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. ड्रॉवरमध्ये पत्ते, रबर लावलेले. हाताला सवय, त्यामुळे आधी सगळे एका दिशेला लावून घेतले. कडेवरून अंगठा फिरवला. सपाट.

तेवढ्यात दिवे गेले.

फाडायला उजेड कशाला लागतो, असं म्हणून त्याने गठ्ठा उचलला.

एक पत्ता बाहेर आला होता. केसभर.

आपलीच चूक, असं वाटलं त्याला. पत्ता काढला, फिरवला, आत घातला. अंगठा फिरवला. सपाट. गठ्ठा टेबलावर ठेवला. घाम पुसला. उचलला...

पुन्हा एक.

फोनचा उजेड पाडला. किलवर सत्ती.

ती त्याने बाजूला ठेवली. लांब, टेबलाच्या टोकाला. मुठीत राहिले एक्कावन्न. फोन विझला. बॅटरी संपली असेल. समोरची खुर्ची कुरकुरली... कुणी बसताना कुरकुरते तशी.

मग काहीच नाही.

बराच वेळ.

अंगठा आपोआप कडेवर गेला. एक होता. कुठला ते बघायला त्याला उजेड लागला नाही.

तसाच धावत इथे आला. ह्या दारात उभा. पत्ते मुठीत, पायात चप्पल नाही. "मास्तर, ते हात माझे होते."

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्याला सांगितलंस?"

"नाही. बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं, तुम्हीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही."

मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्याच्या हातातून गठ्ठा घेतला, दिव्याखाली मोजला. बावन्न. किलवर सत्तीसकट. म्हटलं, घाबरला होता, अंधारात काय ठेवलं नि काय उचललं कळलं नसेल. सगळे पत्ते एका दिशेला लावले. कापले मीच होते, माझा अंगठा चुकायचा नाही. जादूगाराच्याच कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि खिशाचं तोंड दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. तो बघ कोट, खुंटीवर.

घाबरतेस काय, जा. टाके चाचपून बघ. घट्ट आहेत ना? एकही उसवलेला नाही. आता अस्तरावरून पत्त्यांच्या कडेला अंगठा फिरव. सावकाश...

का गं?

हात का काढून घेतलास?

हो. मलाही लागतो. रोज दुकान बंद करताना बघतो मी. कुठला आहे ते उसवून बघितलेलं नाही.

पत्ते फाडायचे राहिलेत. आणि गुपित मी फोडलं नव्हतं, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. आठ महिने होते हातात. त्याचं घर इथून चार मिनिटांवर. मी गेलो नाही.