डोळ्यांची मोजणी

लाइट आता तासभर काही येत नाही. तेव्हा सगळे गच्चीच्या कठड्यापासून आत सरका आणि ज्यांना झोप येतेय त्यांनी आत्ताच खाली जा. नंतर जिना उतरायला सोबत मागायची नाही. माझ्या गोष्टी ऐकीव नसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नाही? मग आता झालं ठाऊक. ही गोष्ट माझ्या साडूची. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हा माणूस निवडून मिळत नाही, लग्नाबरोबर आपोआप घरी येतो.

तीन वर्षांपूर्वीची अकरा ऑक्टोबर, मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. साडूने जेवणाचा डबा धुऊन खिडकीत पालथा घातला, हात पुसले आणि सवयीने भिंतीवरच्या काट्याकडे पाहिलं. काटा पडत होता.

साडू शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर. नदीकाठी एक खोली, तिच्यात दोन पंप, टेबल, दोन खुर्च्या आणि पंप किती पाणी खेचतोय ते दाखवणारा तो काटा. वस्ती तीन किलोमीटर लांब. नदीचं पाणी आधी खोलीशेजारच्या खोल विहिरीत येतं आणि तिथून पंप ते शहराकडे लोटतो. विहिरीच्या नदीकडच्या तोंडाला लोखंडी जाळी आहे. जाळीत जलपर्णी अडकली की काटा पडतो. मग कुणीतरी बाहेरच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी उभं राहायचं, लांब बांबूचं दाताळं आत घालायचं आणि ते हिरवं जंजाळ ओढून काढायचं. काम पंधरा मिनिटांचं. त्यात काय मोठं, असं वाटेल तुम्हाला.

पायऱ्यांपुढच्या डोहात मगरी होत्या.

कचेरीने त्याची दखल घेतली होती. म्हणजे एक पाटी लावली होती, ‘मगरींपासून सावध’. पाटीचं तोंड रस्त्याकडे होतं. साडू म्हणायचा, ती उलटी लावली असती तर मगरींनी तरी वाचली असती.

खरा बंदोबस्त केला होता तो मास्तरने. मास्तर हा साडूचा जोडीदार. स्वतः चौथीपलीकडे गेलेला नव्हता, पण पाढे म्हणून घ्यावेत तसं सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, म्हणून मास्तर. अंधारात मगरीवर बॅटरी मारली की तिचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. त्यावरून त्याने पद्धत बसवली. एकाने आठव्या पायरीवर उभं राहून दाताळं चालवायचं. त्याने पाण्याकडे बघायचंच नाही, बघितलं की हात अडखळतो. दुसऱ्याने चौथ्या पायरीवर बॅटरी घेऊन उभं राहायचं, डोळे मोजायचे आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. चार. खालच्याने तोच आकडा परत म्हणायचा. चार. ऐकू गेल्याची ती पावती. आकडा वाढला तर काम चालू ठेवायचं. आकडा कमी झाला, की हातातलं टाकून वर यायचं.

“दिसते ती मगर वाईट नाही,” मास्तर सांगायचा. “दिसायची थांबते ती.”

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये मास्तर गेला. आठव्या पायरीवरून. त्या रात्री मोजणी साडूकडे होती.

झालेलं असं की साडूच्या खिशात फोन वाजला. कुणीतरी विनोद पाठवला होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फोन. विनोद वाचता वाचता साडू न बघताच म्हणाला, चार. खालून मास्तर म्हणाला, चार. तेव्हा पाण्यावर दोनच डोळे होते.

साडू विनोदाला हसला सुद्धा. हसू तोंडावर होतं तेवढ्यात पाणी वाजलं.

चौकशीत त्याने सांगितलं, मी दोन म्हणालो होतो, त्याला ऐकू गेलं नसावं. साहेबांनी लिहून घेतलं, ‘मृताने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.’ सही झाली, कागद कपाटात गेला. साडू घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. माझी मेहुणी म्हणायची, जोडीदार गेल्याचा धक्का बसलाय. मीही तेच समजत होतो.

मास्तरच्या जागी त्याच्या बायकोला घेतलं. साडू तिला वहिनी म्हणायचा. दिवसपाळीला असायची, पाळी बदलताना दारात गाठ पडायची. एकदा चपला घालता घालता तिने विचारलं, “भाऊजी, त्यांना कमी ऐकू यायचं का हो?”

“नाही... म्हणजे पंपाचा आवाज असतो ना.”

“तसंच असेल. घरात पलीकडच्या खोलीत मी पुटपुटले तरी उत्तर यायचं, म्हणून विचारलं.”

आणि ऑक्टोबरमध्ये तिने अर्ज करून रात्रपाळी मागून घेतली. अकरा तारखेची रात्र ही तिची साडूबरोबरची पहिली रात्र.

कोण रे ते, माझ्या गुडघ्याला कोण धरतंय? धर, पण नखं नकोत.

तर काटा पडत होता. साडू म्हणाला, “वहिनी, उजाडेपर्यंत थांबू या.”

“सहाला दवाखान्यात माणसं डायलिसिसच्या मशीनवर बसतात. पाणी नसलं तर त्यांना तसंच घरी पाठवतात. माझी नणंद बसते तिथे.”

नणंद म्हणजे मास्तरची बहीण.

“बरं. तुम्ही दाताळं धराल?”

“ते मला उचलत नाही. मी मोजते.”

“येईल ना मोजायला?”

“मास्तरची बायको आहे मी,” वहिनी म्हणाली आणि बॅटरी घेऊन पुढे निघाली.

साडू आठव्या पायरीवर उभा राहिला. पाणी नवव्या पायरीला लागलेलं. चंद्र नव्हता का विचारू नका, होता, पण ढगात. साडूने दाताळं आत घातलं. ओढलं, पायरीवर टाकलं. परत घातलं. पाठीमागून वहिनीचा आवाज आला.

“चार.”

“चार,” साडू म्हणाला.

त्या मार्चनंतर तो पहिल्यांदाच स्वतः खाली उभा होता. आतापर्यंत काही ना काही सबब काढून दुसऱ्याला उतरवायचा. आता त्याला कळत होतं की आठव्या पायरीवरच्या माणसाजवळ स्वतःचं असं काही नसतं. असतो तो फक्त वरचा आवाज.

“चार.”

“चार.”

“सहा.”

साडूने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी कुणीतरी म्हणालं, “सहा.”

विहिरीचा पडसाद, साडूने मनाशी म्हटलं. विहीर डावीकडे होती. आवाज समोरून आला होता. पाण्यावरून.

त्याने दाताळं ओढलं. हात ओले झाले होते, पकड सुटत होती.

“सहा,” वहिनी म्हणाली.

साडू गप्प राहिला. मुद्दामच.

“...सहा.”

या वेळी त्यात घरघर होती. छातीत कफ साठलेल्या माणसाची असते तशी. ती घरघर त्याने वरच्या खोलीत, समोरच्या खुर्चीतून, अकरा वर्षं ऐकली होती.

पाण्याकडे बघायचं नाही. त्याने पाहिलं नाही. मान वळवून वर बघावं तर बॅटरीचा झोत डोळ्यांवर. वहिनी दिसतच नव्हती.

“वहिनी... ऐकलंत?”

उत्तर नाही. पद्धतच होती ती. आकड्याशिवाय बोलायचं नाही.

त्याने दाताळं घातलं.

थांबला.

बेडूक ओरडायचे थांबले होते.

“सहा,” वहिनी म्हणाली.

आणि समोरून, अगदी जवळून, हातभर अंतरावरून...

“चार.”

साडूने विचार केला नाही. पाय आपोआप निघाले. तो सातवीवर आला, सहावीवर आला, आणि मागे आठवी पायरी हादरली. दार आपटावं तसा आवाज. जबडा मिटल्याचा. हातातला बांबू हिसकावला गेला. तळव्याची कातडी घेऊनच गेला. मग पाणी उसळलं... आणि बसलं.

खोलीत येऊन दोघांनी दार लावलं. साडू जमिनीवरच बसला. वहिनीने बॅटरी विझवून मांडीवर ठेवली.

“तुम्ही सहा म्हणालात,” साडू म्हणाला.

“हो.”

“किती होते?”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “तुम्ही सांगा. त्या रात्री किती होते?”

साडूच्या तळव्यातून रक्त गळत होतं. ते त्याने शर्टाला पुसलं. परत पुसलं.

“दोन होते. मी चार म्हणालो.”

“का?”

“बघितलंच नाही मी... फोन बघत होतो.”

ती रडली नाही. काट्याकडे बघत बसली. काटा पडत पडत शेवटच्या रेघेशी आला होता. आता पंप बंद करावाच लागणार होता, नाहीतर जळाला असता. साडू उठला, बटणाला हात घातला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

खर्र...

लोखंडावर लोखंड.

मग थोडं थांबून, पायरीवर काहीतरी ओलं पडल्याचा आवाज. मग परत... खर्र.

मगर अंग घासतेय जाळीला, साडू म्हणाला. स्वतःलाच म्हणाला. मगरीचं अंग घासलं तर असा आवाज येत नाही आणि असं मापात तर येतच नाही. घालायचं, ओढायचं, टाकायचं. घालायचं, ओढायचं, टाकायचं.

काटा हलला. वर सरकला. अगदी थोडा.

वहिनी उठली. तिने बॅटरी घेतली.

“वहिनी, नका जाऊ.”

“एकटा आहे तो खाली,” ती म्हणाली. “मोजायला कुणी नाहीये.”

“मी येतो.”

“तुम्ही नको.”

दार उघडलं. मिटलं. साडू आत राहिला. मला हे सांगताना त्याने तीनदा पाणी मागितलं, आणि हा माणूस कशाला घाबरत नाही, माझ्या बायकोला सुद्धा नाही. आत बसून तो ऐकत होता.

“चार.”

“...चार.”

खर्र...

“चार.”

“...चार.”

एकदा वहिनी घाईने म्हणाली, “दोन.” आणि खालचं सगळं थांबलं. पायऱ्यांवर पावलं वाजली. अनवाणी, ओली, वर येणारी. चौथ्या पायरीपर्यंत आली. मग किती तरी वेळ काहीच नाही. फक्त दोन माणसं जवळ उभी असली की जी शांतता असते, ती.

मग पावलं परत खाली गेली.

“चार.”

“...चार.”

किती वाजले होते? सांगतो. तीन पंचवीसला काटा पूर्ण वर आला. आवाज थांबले चार वाजता. वहिनी आत आली ती उजाडल्यावर. तिचं अंग कोरडं होतं, घसा बसला होता. तिने बॅटरी टेबलावर ठेवली.

“नऊला साहेब येतात. मला सांगितलंत ते त्यांना सांगा. लेखी.”

साडूने सांगितलं. लेखी. कपाटातला कागद बाहेर आला, त्यावरचं ते वाक्य खोडलं गेलं आणि साडूची नोकरी गेली. मेहुणी वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. आता तो एका गोदामावर असतो, दिवसपाळीला. फोन घरी ठेवून जातो.

काय? कोण म्हणालं मगरच घासत होती? म्हण बाबा. मीही तेच म्हणालो होतो. शिवाय बाई एकटीच बोलत असेल, साडूचं डोकं ठिकाणावर नसेल, जाळी प्रवाहाने मोकळी झाली असेल. मी काही तुमच्यासारखा भोळा नाही. म्हणून मागच्या महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून पंपघरावर गेलो. भर दुपारी. मी काही वेडाही नाही.

वहिनी होती. अजून तिथेच आहे. तिने चहा पाजला. मी दाताळ्याची चौकशी केली, तर तिने बोटाने बाहेर दाखवलं. त्या सकाळी दार उघडलं तेव्हा ते दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं म्हणे. मगरीने डोहात ओढून नेलेलं दाताळं. तेव्हापासून कुणी त्याला हात लावलेला नाही. कचेरीने नवीन दिलंय.

दक्षिणेची भिंत, दिवसभर ऊन. बांबू वाळून पांढरा पडलाय, चिरा गेल्यात. दातांना गंज चढलाय. मी सगळा बांबू वरून खालपर्यंत पाहिला. मधे दोन ठिकाणी, हातभर अंतरावर, रंग गडद होता. मला वाटलं तेल असेल. मी बोट लावलं.

पाणी होतं. गार.

मी रुमालाने दोन्ही जागा कोरड्या पुसल्या, परत परत पुसल्या, आणि चहा संपवायला आत गेलो. फार तर पाच मिनिटं. बाहेर आलो तर...

दोन जागा. मुठीएवढ्या. ओल्या. खालचीतून एक थेंब निघाला होता आणि बांबूवरून सावकाश उतरत होता.